हळद अर्धंच सांगते

ताईच्या उजव्या अंगठ्यावर आता पुन्हा सगळ्या रेषा आहेत. मी तिच्या गावी गेले की पाणी पिण्याआधी तिला दारातल्या उजेडात नेते आणि अंगठा तिरपा धरून बघते. ती वैतागते. "तू मले पाहाले येतं का माह्या अंगठ्याले?" म्हणते. मी म्हणते, अंगठ्यालाच. आणि ते खोटं नाही. त्या अंगठ्यावर तिची तीन एकर जमीन अडली होती, आणि त्याच्यावरच्या रेषा पुसल्या होत्या त्या माझ्यामुळे.

मी आदिलाबादला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात तेलुगू आणि इंग्रजी, स्टाफरूममध्ये हिंदी, घरी मराठी, आणि रागावले की जी तोंडात येईल ती. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे पोरी माझ्या मागे बोलतात आणि मला ते माहीत आहे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली, मग तिला तामसीकडच्या एका खेड्यात दिली. भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घराची तीन एकर ती एकटी कसते, कापूस आणि थोडी ज्वारी. पण कागदावर सगळी जमीन तिच्या भासऱ्यांच्या, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाच्या नावावर होती. माणूस सज्जन. "तुहं ते तुहंच हाय," असं ते दर वर्षी म्हणायचे, आणि दर वर्षी ते काम राहून जायचं.

आता त्या रेषा कशा पुसल्या ते सांगते.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. साबण कितीही चोळा, फेस येत नाही, आणि बादलीच्या कडेला पांढरा थर तेवढा बसतो. ताईच्या बचत गटातल्या सहा जणींनी ठरवलं की आपण भांडी घासायचं लिक्विड बनवून विकू. आदिलाबादच्या बाजारात त्याचा सगळा माल मिळतो. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे अ‍ॅसिड स्लरी. दुकानदार तेवढंच म्हणतो, पुस्तकात तिचं नाव हातभर लांब आहे. घराणं सल्फोनिक आम्लांचं. दिसायला काकवी, तशीच दाट आणि तपकिरी, फक्त वास नाकात चढतो.

ही वस्तू मला वर्गात शिकवायला आवडते, कारण पोरींना ती घरात भेटलेली असते. तिच्या कणाला कार्बनची एक लांब शेपटी असते आणि एका टोकाला गंधक आणि ऑक्सिजनचं डोकं. शेपटी तेलाला धरते, डोकं पाण्याला. म्हणून कढईतलं तेल पाण्याबरोबर निघून जातं. साबणाचंही कामकाज असंच चालतं, पण साबण जड पाण्यातल्या चुन्याशी भांडत बसतो आणि त्याचा तो पांढरा थर होतो. स्लरीपासून झालेलं लिक्विड चुन्याला तितकं जुमानत नाही, आमच्या बोअरच्या पाण्यातही फेस देतं. मात्र त्याआधी तिच्यातलं आम्ल मारावं लागतं. लिंबू किंवा चिंच आपलं आम्लपण हातचं राखून, थोडं थोडं सोडतात. स्लरीचं तसं नाही. पाण्यात पडली की होतं नव्हतं ते सगळं एकदम सोडते. म्हणून पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, त्यात स्लरी हळूहळू ओतायची आणि लाकडी काठीनं ढवळत राहायचं. फसफस होते, फेस वर येतो, घाई केली तर ड्रमच्या बाहेर येतो. सोडा आणि आम्ल एकमेकांना पुरते मारून मोकळे झाले की राहतं ते कामाचं. मग दाट व्हायला मीठ, थोडा हिरवा रंग, लिंबाचा वास, आणि बाटलीत भरायचं.

पहिल्या खेपेला त्यांनी सोडा जास्त घातला आणि सगळ्यांच्या हातांची आग झाली. मी एका रविवारी गेले, चार शिव्या घातल्या आणि कॉलेजातून लिटमसच्या कागदांचं छोटं पुस्तक नेऊन दिलं. दोन महिने छान चाललं. मग एक दिवस ताईचा फोन आला की ते कागद संपले, आता काय करायचं. मी तेव्हा पेपर तपासत होते. गठ्ठा समोर, आणि पोरींनी असं काही लिहिलेलं की माझं डोकं आधीच तापलेलं.

"हळद हाय ना घरात?" मी म्हणाले. ताईशी बोलताना माझी जीभ अजून गावाकडेच वळते. "कागदाले हळद लाव. लाल झाली का सोडा जास्त. पिवळी राह्यली का झालं." आणि फोन ठेवून दिला.

चार वाक्यं. ती मी नंतर इतक्या वेळा मनात म्हटली आहेत की पाठ झाली आहेत.

लिक्विड पुढे जास्तच खपायला लागलं. लग्नाच्या घरचे लोक मागून नेऊ लागले, कारण त्यानं तांब्या-पितळेची भांडी अशी निघायची की काल बाजारातून आणली असावीत. एकीनं तर देवाची समई घासून आणून दाखवली. ताई मला फोनवर हे अभिमानानं सांगायची. एकदा म्हणाली, "भांडे चमकते, पण हात लय चुरचुरते वो." मी म्हणाले, तू सहा जणींचं काम एकटी करतेस, बाटल्या भरायला दुसऱ्या कुणावर भरवसा नाही तुझा, मग हात चुरचुरणारच. सवय होईल. पितळ चकाकतं आणि हात चुरचुरतात, हे दोन्ही एका श्वासात ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरीनं परीक्षेत असं उत्तर सोडलं असतं तर मी तिला उभं केलं असतं.

त्याच सुमारास भासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. हैदराबादला ऑपरेशन करायचं ठरलं, पंधरवड्यानंतरच्या शनिवारी निघायचं. ते स्वतः ताईकडे आले आणि म्हणाले, "आदी तुहं तुह्या नावावर करतो, मंगच जातो. माह्या पोरायचं मी सांगू नाई शकत." तामसीच्या तहसीलात त्याच्या आदल्या दिवसाची, शुक्रवारची वेळ मिळाली. ताईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज नवी साडी नेसल्यासारखा होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती रेशनचे तांदूळ आणायला गेली आणि यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही. दुसरा अंगठा घेतला नाही. डीलरनं दहाही बोटं लावून पाहिली. मग म्हणाला, बाई, तुमच्या बोटाला काहीच राहिलं नाही. घरी येऊन तिनं मला फोन लावला.

"काऊन वो, बोटाच्या रेघा जात असते का?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "जमिनीच्या कागदालेबी अंगठाच लागते ना?"

जमिनीच्या नोंदणीलाही तसलंच यंत्र असतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या बसनं तामसी आणि तिथून ऑटोनं गाव. तिचे हात हातात घेतले तर बोटांची टोकं गुळगुळीत, गुलाबी, सोललेल्या उकडल्या बटाट्यासारखी. मी पर्समधून नवं लिटमस काढलं आणि ड्रममध्ये बुडवलं. निळा कागद क्षणात लाल झाला. लिक्विड चक्क आंबट होतं.

आणि मी भडकले. काय टाकलंस, किती टाकलंस, ढवळतेस तरी का, अक्कल कुठे गहाण टाकलीस, सगळं बोलून घेतलं. ताईनं हळद लावलेला कागद आणला, ड्रममध्ये बुडवला आणि माझ्यासमोर धरला.

"पाह्य. पिवळी हाय," ती म्हणाली. "तूच तं म्हणलं, पिवळी राह्यली का झालं. सोडा राहू नये म्हणून मी वरतून एक मग स्लरी जास्तच टाकते."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. हळद सोड्यात लाल होते. साध्या पाण्यात पिवळी राहते. आम्लातही पिवळीच राहते. सोडा जास्त झाला तर हळद ओरडून सांगते, आम्ल जास्त झालं तर गप्प बसते. लिटमसचे दोन रंगांचे कागद दोन्हीकडचं सांगतात, हळद अर्धंच सांगते, आणि हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. ताईला मात्र तेवढं सांगायला मला वेळ नव्हता. पितळ चकाकत होतं तेही याच आम्लानं, चिंचेनं चकाकतं तसंच. इतकी लाज मला नोकरीच्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तेव्हा मी "चूक माझी" एवढे दोन शब्द म्हणाले नाही. तेही सांगून टाकते.

मी नुसती कामाला लागले. ड्रममध्ये सोड्याचं पाणी घालून आम्ल मारलं. विकलेल्या बाटल्या बायकांनी घरोघर जाऊन परत आणल्या. ताईच्या दारात लाल जास्वंद होती, तिच्या पाकळ्या कागदावर चोळून निळसर पट्ट्या केल्या. जास्वंद आम्लात गुलाबी होते आणि सोड्यात हिरवी, म्हणजे ती दोन्हीकडचं बोलते. बाकीच्या पाच जणींना ते चार वेळा करून दाखवलं, या वेळी फोनवर नाही. मग ताईची पिशवी भरली आणि तिला आदिलाबादला घेऊन आले. शुक्रवारला बारा दिवस होते.

कातड्याचे डॉक्टर म्हणाले, रेषा आत असतात, वरचं कातडं नवीन आलं की त्याही येतील. पाण्यात हात घालायचा नाही, व्हॅसलिन लावायचं. किती दिवसांत, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणाला आठ, कुणाला महिना.

बारा दिवस ताईनं एका कपाला हात लावला नाही, म्हणजे मी लावू दिला नाही. तिला ते फार जड गेलं. ती ओट्याशी उभी राहून मला भांडी घासताना बघायची. "तू भांडे बेकार घासतं," तिचा निकाल. "बूड तं पाहतच नाई तू." भाकरी चमच्यानं खाता येईना म्हणून मी तुकडे मोडून, कालवून तिच्यापुढे ठेवायचे. तिच्या डोक्यावरून पाणी मी घालायचे. तिचे केस इतके पांढरे झाले होते हे मला ठाऊकच नव्हतं, ती पदर कधी खाली येऊ देत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पोरीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिच्याकडे बँकेचं अंगठ्याचं छोटं यंत्र असतं. दर दोन दिवसांनी आम्ही जायचो. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी काही नाही, आणि मी यंत्रावर राग काढला. नवव्या दिवशी डावं मधलं बोट एकदा लागलं, पुन्हा लावलं तर लागलं नाही. अकराव्या दिवशी पुन्हा काहीच नाही. मी भिंगातून बघायचे तर उजव्या अंगठ्यावर रेषा दिसायच्या, अगदी बारीक. मला दिसत होत्या, यंत्राला दिसत नव्हत्या.

तहसीलाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी मी तिच्या हातांना व्हॅसलिन लावत होते. ती म्हणाली, "नाई लागला तं?"

"तं दुसरी तारीख घेऊ."

"अन् भासरेच नाई राह्यले तं?"

मी तिचा अंगठा चोळत राहिले आणि अखेर म्हणाले, "ताई, चूक माही होती. मी तुले अर्धंच सांगितलं होतं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तू फोन कसा ठेवला होता ते आठवते मले." मग म्हणाली, "पण मी काऊन नाई इचारलं परत? मले वाटलं, चिडशीन."

हे ऐकून मला जे वाटलं ते अजून पुरतं सांगता येत नाही. माणसानं आपल्याला घाबरून प्रश्न गिळावा, आणि तोही सख्ख्या बहिणीनं. वर्गात किती जणी गिळत असतील.

शुक्रवारी सकाळी निघताना मी तिच्या बोटांवरचं सगळं व्हॅसलिन कोरड्या फडक्यानं चांगलं खरडून पुसलं. यंत्राच्या काचेवर तेलकट डाग पडला तर काही दिसणार नाही, असा माझा हिशेब. तहसीलात भासरे आधीच आलेले, बाकावर छाती धरून बसलेले, सोबत दोन गवाह. आमचा नंबर आला. भासऱ्यांचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. मग यंत्राशी बसलेल्या मुलीनं ताईला तेलुगूत सांगितलं, "वेलु पेट्टंडी, अम्मा." ताईनं बोट ठेवलं. लाल दिवा.

"मल्ली," मुलगी म्हणाली. म्हणजे पुन्हा.

पुन्हा लाल. "मल्ली, अम्मा." डावा अंगठा. लाल. मधलं बोट, जे एकदा लागलं होतं. लाल. मुलगी शांत होती, तिला बिचारीला रोजचंच. "मल्ली." मी मागे उभी राहून पदराचं टोक पिळत होते. भासरे उठून उभे राहिले. मुलीनं माझ्याकडे बघून सांगितलं की आणखी एक-दोनदा बघू, नाही तर दुसरी तारीख घ्यावी लागेल.

ताईनं हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उजवा अंगठा तिनं आपल्या कपाळावरून सावकाश फिरवला. त्या खोलीत तिला दरदरून घाम फुटला होता. मग तो ओलसर अंगठा काचेवर ठेवला आणि दाबून धरला.

हिरवा दिवा.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी कातडं इतकं कोरडं केलं होतं की काचेवर उमटायला काही उरलंच नव्हतं. थोडा ओलावा हवा होता. ताईला हे कुठून कळलं, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, रेशनच्या लाइनीत म्हाताऱ्या असंच करतात, तुम्ही शिकलेले लोक लाइनीत कुठे उभे राहता. माझा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे मी तेही ऐकून घेतलं. भासऱ्यांनी बसता बसता एवढंच म्हटलं, "आता मी मोकळा." दुसऱ्या दिवशी ते हैदराबादला गेले, ऑपरेशन नीट झालं, आणि आता रोज संध्याकाळी ताईच्या बांधावर येऊन तिच्या कापसाला नावं ठेवतात.

ताईची पिशवी माझ्या घरी होती म्हणून आम्ही दोघी आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. खिडकीशी ती, मांडीवर कागदाचं पाकीट. बस सुटल्यावर तिनं कागद काढला. सगळं तेलुगूत छापलेलं. ताईला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं कागद माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "काय लेहलं ते सांग."

मी सर्वे नंबर वाचला, एकर वाचले, गावाचं नाव वाचलं. मग मालकाच्या रकान्यात बोट ठेवलं आणि तिचं नाव वाचलं. सासरचं आडनाव, भाऊजींचं नाव, आणि सगळ्यात पुढे ती. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि त्या अक्षरांवर आपला अंगठा ठेवला, नुकता लागलेला. या वेळी मी काही अर्धं सोडलं नाही, वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवलं, शिक्क्यातलीसुद्धा अक्षरं.

वाचून झाल्यावर मी कागद घडी करायला लागले. ताईनं माझा हात धरला.

"मल्ली," ती म्हणाली.